कवठ्याच्या पेटीतलं निशाण

दौंड, शुक्रवार

दौंडला उतरलो तेव्हा माझा चष्मा गाडीतच राहिला आणि गाडी सोलापूरच्या दिशेने निघून गेली. फलाटावर उभा राहून मी खिसे, पिशवी, पुन्हा खिसे असं तीनदा चाचपून पाहिलं. एरवी मी एवढा हळहळलो नसतो. पण दापोलीहून इतक्या लांब मी आलो होतो तो एक कागद वाचायला, आणि आता तो समोर आला तरी मला अक्षर लागणार नव्हतं.

न्यायला सुनीता आली होती. आम्ही एकमेकांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. ओळख झाली ती मोबाईलवर, मोडी लिपी शिकणाऱ्यांच्या एका ग्रुपवर. मी बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर वेळ जायला मोडी शिकलो. ग्रुपवर लोक घरातली जुनी खरेदीखतं, वाटण्यांचे कागद टाकतात आणि आमच्यासारखी हौशी माणसं ती वाचून देतात. महिन्यापूर्वी सुनीताने एक फोटो टाकला होता. खाली लिहिलं होतं, 'सासरी पेटीत एका जुन्या निशाणासोबत सापडला. कुणी वाचून देईल का?'

मी वाचायला घेतला आणि चौथ्या ओळीत माझ्या पणजोबांचं नाव आलं.

हे एवढं का लागलं ते सांगायला थोडं मागे जायला हवं. माझे पणजोबा राघोजी साळवी इंग्रजांच्या पलटणीत जमादार, म्हणजे देशी अधिकारी, होते, आणि पलटणीचं निशाण धरायचं काम त्यांच्याकडे होतं. त्या काळी प्रत्येक पलटणीला रेशमाची दोन निशाणं असत, एक राणीचं आणि एक पलटणीचं स्वतःचं. लढाईत ती फळीच्या मधोमध धरायची. तोफांच्या धुरात आपली माणसं कुठे आहेत हे शिपायाला निशाण बघूनच कळायचं. शत्रूलाही ते तेवढंच स्पष्ट दिसायचं, म्हणून निशाण धरणारा बहुधा पहिला पडायचा. तो पडला की दुसऱ्याने उचलायचं. अगदीच वेढा पडला तर काठीवरून रेशीम फाडून काढायचं आणि कुणाच्या तरी कंबरेला गुंडाळून बाहेर न्यायचं. माणसं मेली तर लढाई म्हणत, पण निशाण गेलं तर पलटणीची अब्रू गेली म्हणत. पुढे पुढे इंग्रजांनीच लढाईत निशाणं न्यायचं बंद केलं, पण ते नंतर.

अफगाण मुलुखातल्या एका मोहिमेत पलटण मागे हटली आणि पणजोबांच्या हातातलं निशाण नाहीसं झालं. ते स्वतः मांडीत गोळी घेऊन तोफेच्या गाड्यावरून परत आले. चौकशी झाली. 'मी टाकलं नाही, एका शिपायाच्या हाती दिलं,' असं ते सांगत राहिले, पण तो शिपाई परत आलाच नव्हता. साक्ष कुणाची काढणार? त्यांचं नाव पलटणीतून कमी केलं आणि ते लंगडत गावी आले. त्यांच्या आधी ही बातमी आली होती.

आमच्या घराला तेव्हापासून 'निशाणटाक्यांचं घर' म्हणतात. शिमग्यात आमच्याकडे ग्रामदेवतेची पालखी निघते, पालखीपुढे देवाचं निशाण असतं, आणि ते धरायचा मान पूर्वी साळव्यांचा होता. तो गेला. मी लहान असताना एकदा गर्दीत निशाण कलंडलं म्हणून वडिलांनी हात लावला, तर कुणीतरी ओरडलं, "साळव्याच्या हातात देऊ नका रे, टाकेल!" सगळे हसले. वडीलही हसले. त्या वर्षानंतर ते पालखीला कधी गेले नाहीत.

तर सुनीताच्या फोटोतल्या चौथ्या ओळीत लिहिलं होतं, 'जमादार राघोजी साळवी, दाभोळकडील, यांणीं निशाण...' आणि तिथे कागदाला घडी पडली होती. घडीवर ओलीचा डाग होता. त्याखालच्या तीन ओळी आणि लिहवणाऱ्याचं नाव फोटोत उमटलंच नव्हतं. निशाण टाकिलें, की निशाण दिलें? आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं याचा मला आयुष्यात पहिल्यांदा राग आला.

सुनीताला मी फोनवर नातं सांगितलं आणि एक विनंती केली, की घरच्यांना इतक्यात सांगू नका. खाली काय लिहिलंय ते कळू दे. नाहीतर मी कोणत्या तोंडाने त्यांच्या घरी बसू?

ती चाळिशीची, बारीक अंगाची, भरभर बोलणारी बाई निघाली. कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत लॅबमध्ये आहे. रात्रपाळी करून थेट स्टेशनवर आली होती. नवराही तिथेच दुसऱ्या पाळीत, आणि दोघं दौंडला भाड्याने राहतात. स्टेशनबाहेर आम्ही मिसळ खाल्ली. मिसळीच्या रश्श्याने माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तशी ती म्हणाली, "सर, हे तर काहीच नाही. कवठ्याला आमच्या सासूबाईंचा हात याच्या वरचा आहे."

मग चहा आल्यावर तिने कप बाजूला सरकवला.

"सर, एक सांगायचं राहिलं. रविवारी गावात कार्यक्रम ठेवलाय, निशाणाचा."

"कसला कार्यक्रम?"

"आमच्या मोठ्या सासऱ्यांचा मुलगा, बाळासाहेब, उपसरपंच आहे. पेटीत इंग्रजांचं निशाण आहे म्हणजे आपल्या पूर्वजाने ते लढून हिसकावलं असणार, असं त्याने धरून टाकलं. गावभर फ्लेक्स लागलेत. आणि आमचे आप्पा, म्हणजे माझे सासरे, काही बोलतच नाहीत. हो नाही की नाही नाही. जेवणसुद्धा कमी झालंय त्यांचं."

म्हणजे कागदाचा घडीखालचा भाग माझ्या बाजूने निघाला तर तो यांच्या विरुद्ध जाणार होता. हे मी येताना ध्यानात घेतलंच नव्हतं.

शिरूर आणि पुढे, शनिवार

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं एसटीने निघालो, चौफुल्याला गाडी बदलून शिरूरकडे. पारगावला भीमेचा पूल लागला. कोकणातल्या माणसाला या मुलुखाची सवय नसते. आमच्याकडे नजर दहा पावलांवर झाडाला नाहीतर डोंगराला अडते. इथे तिला अडवायला काही नाही. ऊस, मग कांदा, मग पुन्हा ऊस, मधेच एखादं डाळिंबाचं शेत पांढऱ्या कापडाखाली झाकलेलं. उसाच्या दोन दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्ता अडवून चालले होते आणि त्यांच्यामागे आमचा चालक मुकाट्याने गाडी हाकत होता. आमच्याकडे घाटात असं कुणी चाललं असतं तर हॉर्नने कान किटले असते.

शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदी म्हणतात. एके काळी इथे इंग्रजांची छावणी होती. माझे पणजोबा कधी इथे तळ ठोकून होते का, कोण जाणे. स्टँडबाहेर एक माणूस हातगाडीवर तयार चष्मे विकत होता. मी एकामागून एक लावून पाहिले आणि त्याने पुढे केलेल्या पंचांगातली बारीक अक्षरं ज्यातून दिसली तो घेतला. एक काडी किंचित वाकडी होती, त्यामुळे जग जरासं डावीकडे कललेलं दिसायचं. पण वाचता येत होतं.

मलठणवरून जीपने कवठे येमाईला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. गावात शिरतानाच फ्लेक्स दिसला. फेटा बांधलेला, मिशीवाला, हातात तलवार असा कुणीतरी रंगवलेला वीर होता. त्याच्या पायाखाली इंग्रजांचं निशाण, आणि वर अक्षरं होती, 'इंग्रजांचे निशाण हिसकावून आणणारे कवठ्याचे शूर सुपुत्र खंडूजीबाबा'. खाली बाळासाहेबांचा हात जोडलेला फोटो.

खंडूजी हे नाव आमच्या घरात मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. पणजोबांनी निशाण ज्याच्या हाती दिलं म्हणून सांगितलं, तो हाच. चौकशीत ज्याला मेला म्हणून धरलं, तो घरी पोचला होता.

सुनीता हळूच म्हणाली, "चला सर, उन्हात उभं राहू नका."

आप्पांचं घर मळ्यात होतं, गावापासून थोडं बाहेर. आप्पा ब्याऐंशी वर्षांचे. उंच, वाकलेले, पांढरी बंडी आणि धोतर. त्यांनी मला पाय धुवायला पाणी दिलं, स्वतः घोंगडी टाकली आणि म्हणाले, "बसा गुरुजी. लई लांबून आलासा. परवासात तरास न्हाई ना झाला?"

"चष्मा गेला तेवढाच," मी म्हणालो.

"माणूस आला, चष्म्याचं काय एवढं."

त्यांच्या बायकोला सगळे माई म्हणतात. माईंनी आतूनच विचारलं, "मासवडी चालंल ना पावण्यांना?"

मी कोकणातला. मासवडी म्हटल्यावर माझं तोंड खुललं. इतक्या आत, समुद्रापासून इतक्या लांब, हे लोक माझ्यासाठी मासे आणवतात म्हणजे काय! ताट आलं. बाजरीची भाकरी, तांबडाजर्द रस्सा आणि त्याच्याशेजारी जाड वड्या. मी वडी मोडली. आत तीळ, खोबरं, लसूण, कांदा. मी काटा शोधतोय हे माईंच्या लक्षात आलं.

"काय झालं वं? केस बिस आला का?"

"नाही माई. मासा शोधतोय."

माई इतक्या हसल्या की पदर तोंडाला लावून भिंतीला टेकल्या. "अवं, मासा न्हाई त्याच्यात! बेसनाची हाय ती. दिसती माशावानी म्हनून मासवडी." आप्पाही हसले. सुनीता मला नंतर म्हणाली, की त्या पंधरवड्यात ते पहिल्यांदाच हसले होते. मी मात्र मासा नसल्याचं दुःख चार वड्या खाऊन विसरलो. भात मात्र मागूनही वाटीभरच आला. इथे भात म्हणजे जेवण संपल्याची खूण. आमच्याकडे त्यानेच सुरुवात होते.

जेवणानंतर माईंनी पेटी उघडली. निशाण त्यांनी आपल्या जुन्या नऊवारी लुगड्यात गुंडाळून ठेवलं होतं, मधे मधे कडुनिंबाचा पाला. लग्न होऊन आल्यापासून दर दसऱ्याला पाला बदलायचं काम त्यांचं. सासूने सांगितलं तसं करत आल्या, का ते कधी विचारलं नाही.

माईंनी लुगडं उलगडलं. पिवळं रेशीम, म्हणजे कधीकाळी पिवळं. आता त्याचा रंग वाळल्या गवतासारखा झाला होता. मध्यभागी पानाफुलांची भरतकामाची माळ, तिच्या आत पलटणीचा आकडा. एका कोपऱ्यात छोटासा तांबडा-निळा इंग्रजी झेंडा. काठीच्या बाजूची कड वेडीवाकडी फाटलेली, आणि उभ्या घड्यांवर तपकिरी डाग. कंबरेला बांधलं की जशा घड्या पडतील तशाच त्या होत्या. मी बोट लावलं तर कांद्याच्या पापुद्र्यासारखं ते कुरकुरलं. चटकन हात मागे घेतला.

हे माझ्या पणजोबांच्या हातात होतं. यासाठी ते आयुष्यभर ओटीवर भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"आन् कागद?" सुनीताने विचारलं. "आप्पा, त्यातला कागद कुठंय? इथंच होता."

आप्पा म्हणाले, "बघू मागनं." आणि उठून बाहेर गेले.

मला वाटलं, झालं. रविवारपर्यंत तो कागद आता सापडणार नाही. खरं सांगायचं तर माझ्या मनात हेही आलं, की न सापडला तर बरं. ज्या घराने चार वड्या वाढल्या त्या घराला उद्या गावासमोर खाली बघायला लावायचं, याला माझा धीर होत नव्हता.

ऊन कलल्यावर आप्पांनी हाक मारली. "गुरुजी, चला, कांदाचाळ दावतो. सांज व्हायच्या आत येऊ माघारी, उसात बिबट्या हाय." बिबट्या हे त्यांनी शेजारच्या घरी पाहुणे आलेत अशा सुरात सांगितलं.

कांदाचाळ म्हणजे कांदा साठवायची लांबलचक जाळीदार खोली. वारा आरपार जातो. आत उन्हाच्या पट्ट्या पडल्या होत्या आणि कांद्याचा कोरडा वास होता. आप्पा एका पालथ्या क्रेटवर बसले, मला दुसऱ्यावर बसवलं. मग बंडीच्या आतल्या खिशातून त्यांनी घडी घातलेला कागद काढला.

"सुनीतानं तुम्हाला हे वाचाया बोलिवलंय, म्हाईत हाय मला," ते म्हणाले. "पर मला ठावं हाय त्यात काय हाय ते. मी धा वर्सांचा व्हतो तवा बापानं वाचून दावलं. म्हनला, ध्यानात ठेव आन् तोंड मिटून ठेव. बाहत्तर वर्सं ठेवलं."

"घरात कुणालाच नाही सांगितलं?"

"माईला सुदीक न्हाई." त्यांनी कागद गुडघ्यावर सपाट केला. "गुरुजी, आमच्या बाबानं काय हिसकावलं बिसकावलं न्हाई. त्योच इंग्रजाच्या पलटणीत व्हता. त्याच्या जमादाराला गोळी लागली, तवा त्यानं निशाण काढून ह्याच्या कंबरंला बांधलं. म्हनला, पळ, हे घिऊन जा. ह्यो पळाला. वाट चुकला, ताप आला, कुठं कुठं पडला. घरी आला तवा वरीस सरून गेलं व्हतं. मग भ्याला. आता गेलो तर पळपुटा म्हनून फाशी देतील, चोर म्हनतील. न्हाई दिलं त्यानं. पेटीत घातलं."

मी माझा क्रेट त्यांच्याजवळ सरकवला.

"आन् मग कुनीतरी घोडनदीच्या बाजाराला सांगितलं त्याला, की तुझ्या जमादाराला काढून टाकला. निशाण टाकलं म्हनून. तरी बी ह्यो गेला न्हाई सांगाया." आप्पांनी कागदावर तळवा ठेवला. "त्योच डंख व्हता त्याला. मरताना कुलकर्ण्याला बोलवून लिवून ठेवलं. माझ्या आज्याला सांगितलं, जमादाराचं कुनी भेटलं तर दाव. आज्याला कोकन कुठं म्हाईत? त्यानं बापाला सांगितलं, बापानं मला. आन् आता गावात फलेक लागलाय, की बाबानं तलवारीनं हिसकावलं. मला घास जात न्हाई गुरुजी. त्या मानसाची पोरंबाळं असतील कुठंतरी. ती काय म्हनत असतील आमास्नी?"

मी खिशातून नवा चष्मा काढून लावला. त्याची वाकडी काडी कानावर बसेना.

"आप्पा," मी म्हणालो, "मी त्यांचा पणतू आहे."

त्यांना पहिल्यांदा कळलं नाही. "कुनाचा?"

"जमादाराचा. राघोजी साळव्यांचा. माझं नाव साळवी. दापोलीचा आहे मी."

आप्पा क्रेटवरून उठून खाली वाकायला लागले. मला कळेपर्यंत त्यांचे हात माझ्या पायांपाशी आले होते. ब्याऐंशी वर्षांचा माणूस! मी त्यांना दोन्ही दंडांना धरून उठवलं आणि आम्ही दोघं तसेच एकमेकांना धरून उभे राहिलो. ते रडत होते. मीही.

"उशीर झाला," ते म्हणत होते. "लई उशीर झाला गुरुजी."

"झाला," मी म्हणालो. "पण आलं ना घरी."

मग जाळीतून येणाऱ्या उजेडात मी तो कागद वाचला. घडीखालचं क्रियापद वाचलं. 'दिलें'. आणि त्याखालच्या शेवटच्या ओळीत, कुलकर्ण्याच्या घाईघाईच्या मोडीत, 'जमादारांकडे दोष नाहीं. दोष मजकडे.' मी ती ओळ तीनदा वाचली. छातीवर काही ओझं असतं हे ते उतरल्यावर कळतं. वडिलांच्याही छातीवर ते असणार, आजोबांच्याही. मला एकदम भूक लागली, एवढं खाऊनही. घरी येऊन मी माईंकडे उरलेली मासवडी मागितली. थोरल्या बहिणीला फोन लावला. ती ऐंशीची आहे. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "परत एकदा वाच." मी परत वाचलं.

कवठे येमाई, रविवार

सकाळी आप्पांनी बाळासाहेबांना बोलावून घेतलं. ते पांढऱ्या कडक शर्टात, बुलेटवरून आले. चाळिशीचे, धिप्पाड, मनाने मोकळे. हे सगळं ऐकल्यावर त्यांचा चेहरा उतरला.

"आप्पा, आता सांगताय? आता? लोकं जमायला लागली मंडपात. सगळ्यांचं स्टेटस आहे त्याचं!"

"मग काढा म्हनावं."

"तसं नसतंय हो ते. गावाला काय तोंड दाखवू मी? हिसकावलं म्हणून सांगितलंय सगळीकडं. आणि आता म्हणायचं, नाही, लपवून ठेवलं होतं? इंग्रजाची नोकरी होती?"

"व्हय," आप्पा म्हणाले. "तसंच म्हनायचं. तुला जमत न्हाई तर मी म्हनतो."

बाळासाहेब माझ्याकडे वळले. "गुरुजी, तुम्ही तरी सांगा. तुमच्या घराची अब्रू आली परत, आमची गेली, असंच झालं ना हे?"

त्यांचं खोटं नव्हतं. मी एवढंच म्हणालो, "बाळासाहेब, माझ्या घरावर जे लागलं ते तुमच्या घराने लावलं नव्हतं. आणि जे पुसलं ते मात्र तुमच्याच पेटीतून निघालं. मी तर गावभर सांगणार, कवठ्याच्या लोकांनी दीडशे वर्षं सांभाळलं म्हणून."

त्यांनी बुलेट अंगणातच ठेवली. आम्हाला न्यायला चारचाकी त्यांनीच काढली.

निघताना आप्पांनी लुगड्यात गुंडाळलेलं निशाण माईंच्या हातून घेतलं आणि माझ्यापुढे धरलं. "तुम्ही घ्या. तुमचा मान हाय." मी आजवर कुठलंच निशाण हातात धरलं नव्हतं. गाडीतून देवीच्या देवळापर्यंत ते मांडीवर घेऊन बसलो आणि खड्डा आला की दोन्ही हात त्याच्यावर ठेवत होतो.

सभामंडपात शंभर-दीडशे माणसं असतील. बायका एका बाजूला. स्पीकर आधी शिट्ट्या मारत होता, मग नीट झाला. आप्पा उभे राहिले. त्यांनी भाषण केलं नाही. काल चाळीत मला जसं सांगितलं तसंच, त्याच शब्दांत सांगितलं, मग मला कागद वाचायला लावला. वाकड्या चष्म्यातून मी वाचला. मी खाली बसलो. मागे दोघं-तिघं आपसात कुजबुजले. एक म्हातारा उठून म्हणाला, "म्हंजी त्यो इंग्रजाचा शिपाई व्हता व्हय?" त्याचा सूर चांगला नव्हता. बाळासाहेब पायाकडे बघत होते.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने माई उठल्या. कार्यक्रमात त्यांनी बोलायचं असं कुणी ठरवलेलं नव्हतं.

"मला साठ वर्सं सांगितलं न्हाई ह्यांनी," त्या म्हणाल्या, आणि मंडपात पहिल्यांदा हसू फुटलं. आप्पांनी मान खाली घातली. "त्ये घरी गेल्यावर बघती मी. पर गुरुजी, मला एक सांगा. हे निशाण तुमच्या पंज्यानं आमच्या बाबाला दिलं कुठं?"

"अफगाण मुलुखात, माई."

"त्ये कुठं आलं? नगरच्या पल्याड?"

"फार पल्याड. दिल्लीच्याही, लाहोरच्याही पल्याड."

"आन् बाबा हितं आला कसा? गाडीनं?"

"बहुतेक चालतच. ताप अंगात होता, कपड्याखाली हे बांधलेलं."

माईंनी जरा विचार केला. मग मघाच्या त्या म्हाताऱ्याकडे वळून म्हणाल्या, "ऐकलं का? तिथनं हितवर चालत. दुसऱ्याचा जिनूस कंबरंला बांधून. वाटंत इकला न्हाई, टाकला न्हाई. भ्याला आसंल, मानूस हाय. पर आनलं की न्हाई घरापातुर? आन् त्यो जमादार, सोताला गोळी लागल्याली, तरी म्हनला तू पळ. आता ह्याच्यापरीस काय पायजे तुमास्नी? तलवार?"

म्हातारा खाली बसला. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. ढोल आणलेच होते, ते वाजायला लागले. बायका निशाण बघायला पुढे आल्या आणि माई प्रत्येकीला बजावत होत्या, "लांबनं बघा, हात लावू नका, पापुद्रा निघतो." आप्पा माझ्याशेजारी येऊन बसले. कुणीतरी प्रसादाचा शिरा आणून दिला. तो त्यांनी द्रोण चाटून संपवला आणि दुसरा मागितला. सुनीताने लांबून मला ते खुणेने दाखवलं.

निशाणाचं काय करायचं हेही तिथेच ठरलं. आप्पा म्हणत होते की तुम्ही न्या. मी म्हणालो की आमच्या कोकणच्या दमट हवेत एका पावसाळ्यात त्याचा चिखल होईल, ते इथेच कोरड्यात राहू दे. पुण्याच्या एखाद्या जाणकाराला दाखवून काचेत बसवायचं, असं सुनीताने अंगावर घेतलं. कागदाची एक नक्कल मी बरोबर घेतली.

मी निघायच्या बेतात होतो, शिरूरला जाणारी जीप हॉर्न देत होती, तेवढ्यात बाळासाहेब मोबाईल हातात घेऊन धावत आले. घामाघूम झाले होते, पण चेहरा सकाळसारखा राहिला नव्हता.

"गुरुजी, थांबा. फ्लेक्सवाला लाईनवर आहे. संध्याकाळपर्यंत नवीन लावतो म्हणतोय, खंडूजीबाबांच्या शेजारी तुमच्या पणजोबांचं नाव टाकायचं. नीट सांगा, परत चूक नको."

"राघोजी," मी म्हणालो. "राघोजी सुभानजी साळवी."

त्यांनी फोनमध्ये तसंच मोठ्याने सांगितलं. मग हाताने फोन झाकून विचारलं, "आणि पुढं काय लिहू? पदवी काय त्यांची?"

आमच्या घरात त्यांचा हुद्दा मी कधी मोठ्याने उच्चारलेला ऐकला नव्हता. जीपमधली माणसं वाट बघत होती.

"जमादार," मी म्हणालो. "निशाणाचे जमादार."